मळीपासनं ॲसिड करण्याआधी एक पॅक उघडून वजन कर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा, की खानापूर तालुक्यातला आहेस, एमएस्सी केमिस्ट्री झालंय, पीएचडीला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी रिसायकलिंगचा विषय घ्यायचाय. आपल्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने एवढे, मळीला, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकाला (मोलॅसिस) तोटा नाही, तर त्या मळीपासनं सायट्रिक ॲसिड करायचं आणि बॅटरीतली पावडर त्यात विरघळवायची, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड नको आणि निसर्गाला त्रास नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळ मामांचं भंगाराचं दुकान आहे त्यामुळं बॅटऱ्याही मिळतील. तर हा विषय घेऊ का, आणि या क्षेत्रात नवीन करण्यासारखं काही उरलंय का. अक्का म्हणून विचारलंस म्हणून मीही तू म्हणूनच लिहिते.

मी २४ वर्षं हायड्रोमेटलर्जीत आहे, म्हणजे धातू पाण्यात उतरवायचा आणि परत पाण्यातनं बाहेर काढायचा हे काम. सुरुवातीची बरीच वर्षं ॲल्युमिनाच्या लॅबमधे गेली, नंतर लिथियम बॅटरीच्या पायलट प्लँटवर. तेव्हा जे सांगते ते हातानं केलेलं आहे.

विषय जरूर घे, पण सायट्रिक ॲसिडवर तीन-चार वर्षं घालवू नकोस.

कारण असं बघ. कॅथोडची, म्हणजे सेलच्या धन बाजूची पावडर ॲसिडमधे विरघळवणं, ज्याला आपण लीचिंग म्हणतो, हा या सगळ्या साखळीतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दळलेला भाग आहे. दोन मोलर सल्फ्युरिक, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, ६० ते ८० डिग्री, एक-दोन तास, आणि लिथियम, कोबाल्ट, निकेल ९५ ते ९९ टक्के पाण्यात. हे जगभरच्या लॅबमधे गेली वीस वर्षं होत आलंय. सायट्रिक, मॅलिक, ॲस्कॉर्बिक, सगळी ॲसिडं करून झाली, २०२० मधे सिंगापूरच्या नानयांग युनिव्हर्सिटीनं तर संत्र्याच्या सालींनी करून दाखवलं. तू मळीच्या सायट्रिकनं ९७ टक्के काढलेस तरी पेपर होईल, पण पुढच्या माणसाला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न परीक्षकानं नाही विचारला तरी तू स्वतःला विचारायला पाहिजेस.

आणि सायट्रिकची एक अडचण पेपरमधे शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते. सायट्रेट धातूला धरून ठेवतं. विरघळवताना हे बरं वाटतं, पण नंतर तुला लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळं काढायचं असतं, त्यासाठी आपण पीएच वाढवतो म्हणजे त्यांचे हायड्रॉक्साइड खाली बसतात, इथं ते बसतच नाहीत कारण सायट्रेटनं त्यांनाही मिठी मारलेली असते. म्हणजे दार उघडायला सोपी किल्ली घेतली आणि आतली सगळी कपाटं त्याच किल्लीनं बंद झाली. शिवाय ते सौम्य ॲसिड, पावडर जास्त घातली की लगेच संपतं, म्हणून अशा पेपरांत एका लिटरला १०-२० ग्रॅम पावडर घेतलेली असते. प्लँटमधे यापेक्षा कितीतरी जास्त घ्यावी लागते, नाहीतर पाणीच इतकं होतं की टाक्या, पंप, बाष्पीभवन, कशाचाच खर्च निघत नाही.

खरी गंमत आणि खरा त्रास लीचिंगच्या अलीकडं आणि पलीकडं आहे. आधी अलीकडचं सांगते.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडं एक ४८ व्होल्टचा पॅक आला, डिलिव्हरीवाल्या मुलांच्या स्कूटरमधला, "डेड आहे" म्हणून. वजन भरलं साडेसात किलो. उघडायलाच सव्वा तास लागला, कारण पेटीच्या कडेनं सिलिकॉन, सेलच्या मधे फोमच्या पट्ट्या, त्यावर गोंद, आणि वर निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं चिकटवलेल्या. आत १८६५० आकाराचे १०४ सेल, आठ-आठचे १३ गट. मीटर लावून एकेक गट मोजला. ११ गट साडेतीन व्होल्टच्या आसपास, म्हणजे अगदी धडधाकट, एक गट अडीचवर आणि एक गट ०.४ वर. दोन गट पडले म्हणून बीएमएसनं, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटनं, अख्खा पॅक बंद केलेला, आणि मालकाच्या, मेकॅनिकच्या, भंगारवाल्याच्या दृष्टीनं तो मेलेला. आत ८८ सेल जिवंत. कुणी हातोडा मारला असता तर ते ८८ सेल काय असतात ते तिथंच कळलं असतं.

एका कोपऱ्यातला सेल गळत होता. त्याचा वास नेलपॉलिशसारखा गोडसर येतो, तो इलेक्ट्रोलाइटच्या कार्बोनेटचा, आणि त्यात जे लिथियमचं फ्लोरिनवालं मीठ असतं ते हवेतल्या ओलाव्याशी भेटलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. हा वास आला की नाक जवळ न्यायचं नाही, लांब व्हायचं आणि खिडक्या उघडायच्या. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

आता वजनाचा हिशोब बघ. साडेसात किलोच्या पॅकमधे सेल निघाले पावणेपाच किलो, बाकी पेटी, वायर, सर्किट, गोंद. सेलमधे कॅथोडची पावडर साधारण एक तृतीयांश. हा पॅक निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी, त्या पावडरीत लिथियम वजनाच्या सात टक्के. म्हणजे सगळ्या पॅकमधे लिथियम किती, तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. एवढ्यासाठी सव्वा तास दोन माणसं. हे गणित मी प्रत्येक नवीन माणसाला स्वतःच्या हातानं करायला लावते, कारण त्याशिवाय संशोधन कुठं करायला पाहिजे ते डोक्यात शिरत नाही.

डिस्चार्जचंही तसंच. बऱ्याच पेपरांत एक ओळ असते, सेल मिठाच्या पाण्यात २४ तास ठेवून डिस्चार्ज केले. आम्ही ठेवले होते. तिसऱ्या दिवशी पाणी विटकरी, सेलची टोपी गंजून भोक पडलेलं, इलेक्ट्रोलाइट पाण्यात उतरलेला, आणि काही सेलमधे तर टोकंच गंजून गेल्यामुळं आत चार्ज तसाच अडकून बसलेला. वर हायड्रोजन निघतो तो वेगळा. आता ते फ्लोराइडवालं पाणी टाकायचं कुठं? रेझिस्टर लावून उतरवलं तर स्वच्छ होतं, पण वेळ लागतो आणि वायर काढली की दोन दिवसांनी व्होल्टेज परत वर सरकतं, म्हणून परत मोजावंच लागतं. फार खाली नेलं तर ॲनोडची, म्हणजे ऋण बाजूची तांब्याची पत्री विरघळायला लागते आणि ते तांबं जाऊन भलतीकडं बसतं. वेगवेगळ्या अवस्थेतले सेल पटकन ओळखायचे कसे, न गंजवता उतरवायचे कसे, यावर कष्ट करणारी माणसं जगात कमी आहेत आणि आपल्याकडं तर अजूनच कमी.

आता पलीकडचं. इथं मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव याच्यात आहे.

सेल फोडून, चाळून जी काळी पावडर मिळते तिला ब्लॅक मास म्हणतात. त्यात कॅथोड असतं, ॲनोडचं ग्रॅफाइट असतं, आणि कितीही चांगलं चाळलं तरी तांबं आणि ॲल्युमिनियमच्या पत्रीचे बारीक कण, डब्याचं लोखंड, आणि बाइंडरमधनं (पावडर पत्रीला चिकटवणारा गोंद), इलेक्ट्रोलाइटमधनं आलेलं फ्लोराइड असतं. पेपर करणारे बरेचदा दुकानातनं शुद्ध कॅथोड पावडर आणतात, नाहीतर एक सेल हातानं उलगडून पत्रीवरची पावडर खरवडून घेतात. ती पावडर आणि ब्लॅक मास यांच्यात निवडलेला इंद्रायणी आणि खळ्यावरचं भात एवढा फरक आहे.

ॲसिडमधे हे सगळंच उतरतं. मग पीएच हळूहळू वाढवायचा, तीन-चारच्या आसपास लोखंड खाली बसतं, पाचच्या आसपास ॲल्युमिनियम. ऐकायला सोपं आहे. आमच्या पायलटची सुरुवातीची एक बॅच मला अजून आठवते. कॉस्टिक सोडा जरा भरभर सोडला, पीएच पाच झाला, तांबूस तपकिरी साका तयार झाला, सगळे खूश. सकाळी अकराला गाळायला लावली. दुपारी बघितलं तर फिल्टरवर अगदी दही लागल्यासारखा थर, आणि खाली थेंब थेंब. व्हॅक्यूम वाढवला तर थर दबून अजून घट्ट झाला. रात्री नऊ वाजता अर्धी बॅच वरच होती. दुसऱ्या दिवशी तो केक धुतला, परत धुतला, वाळवून तपासला तर आत आमचंच निकेल आणि कोबाल्ट अडकून बसलेलं. लीचिंगमधे ९८ टक्के मिळवलेलं, आणि इथं एका गाळणीत त्यातला चांगलाच हिस्सा गेला. अशा वेळी पेपरमधल्या ९८ ला काय अर्थ राहिला सांग.

तेव्हा मला जुनं काम आठवलं. आपल्या यमनापूरला हिंडाल्कोचा जो ॲल्युमिना कारखाना आहे तिथं बॉक्साइट कॉस्टिकमधे विरघळवतात आणि मग ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड परत खाली बसवतात, ही बायर पद्धत, आणि जगभर ती अशीच चालते. पण तिथं ते जेलीसारखं बसू देत नाहीत, आधीच्या बॅचचे बारीक कण बी म्हणून टाकतात, वेळ देतात, मग त्या बियांवर दाणे वाढतात आणि ते वाळूसारखं गाळलं जातं. जस्ताच्या कारखान्यांतही तसंच, लोखंड काढायचं तर गोएथाइट किंवा जॅरोसाइट या स्फटिकांच्या रूपात काढतात, कारण ते गाळता येतं. म्हणजे जुन्या धंद्यांनी हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी सोडवलेला आहे, बॅटरीवाल्यांनी तो आपल्या पाण्यासाठी नव्यानं सोडवायचाय. आम्ही बी टाकून, तापमान वाढवून, कॉस्टिकऐवजी सौम्य अल्कली अगदी सावकाश सोडून बघितलं तर तीच बॅच दोन तासात गाळून झाली. पण ब्लॅक मास बदलला की परत सगळं बदलतं, फ्लोराइड जास्त असलं तर ॲल्युमिनियम त्याला धरून पाण्यातच राहतं. कमीत कमी निकेल-कोबाल्ट गमावून, गाळता येईल असा साका कसा पाडायचा, आणि कुठल्या भंगाराला कुठली रीत, हा एक अख्खा पीएचडीचा विषय आहे बाबा, आणि त्याला महागडं मशीन लागत नाही, लागते ती चिकाटी.

फ्लोराइडवरनं आणखी एक, आमचा काचेचा रिॲक्टर काही महिन्यांतच आतनं धुरकट झाला, हाताला खरखरीत लागायला लागला. तेव्हा मी सगळ्यांना सांगून ठेवलं की ब्लॅक मासचं पाणी पहिल्यांदा फ्लोराइडसाठी तपासायचं, मग बाकीचं.

पुढची पायरी बघायला सुंदर असते, ती एकदा तरी बघ. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन. सायनेक्स २७२ नावाचं ऑरगॅनिक असतं, ते केरोसीनमधे मिसळून फनेलमधे आपल्या पाण्याबरोबर हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पाच मिनिटात दोन थर होतात, वर गडद निळा, त्यात कोबाल्ट गेलेलं, खाली स्वच्छ हिरवं, ते निकेल. इतकी वर्षं झाली तरी तो निळा थर वर चढताना बघितला की मला बरं वाटतं. शेवटी उरतं लिथियम, त्यात सोडा ॲश टाकून कार्बोनेट पाडायचं, आणि ते उकळत्या पाण्यात पाडायचं, कारण साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं तसं याचं नाही, लिथियम कार्बोनेट २० डिग्रीला लिटरमधे १३ ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि १०० डिग्रीला ७ च्या आसपास. थंड पाण्यानं धुतलंस तर तुझं तूच वाहून घालवशील.

आता हे सगळं करून मागं काय उरतं? सोडियम सल्फेट. याबद्दल फार कमी लोक बोलतात. वहीत गणित मांड, एक मोल एनएमसी विरघळवायला दीड मोल सल्फ्युरिक लागतं, ते सगळं शेवटी कॉस्टिक आणि सोड्यानं मारायचं म्हणजे दीड मोल सोडियम सल्फेट. वजनात एक किलो कॅथोडमागं जवळजवळ सव्वादोन किलो. धातू मिळवतो त्यापेक्षा मीठ जास्त तयार करतो आपण. समुद्रकाठच्या कारखान्याचं मला माहीत नाही तसं कुणी करतही असेल, पण आपल्याकडं हे पाणी मार्कंडेयेत किंवा घटप्रभेत सोडायचं का? चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांना क्षारपड जमीन म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही, एकदा रान पांढरं झालं की पुढं काय होतं ते त्यांनी भोगलंय. म्हणून हे मीठ आटवून कोरडं काढावं लागतं, त्याला इंधन लागतं, आणि एवढं मीठ साबण-पावडरवाले तरी किती घेणार. एक वाट आहे, खास पडद्यांच्या इलेक्ट्रोडायलिसिसनं सोडियम सल्फेट मोडून परत सल्फ्युरिक आणि कॉस्टिक करायचं, म्हणजे तेच फिरवून वापरायचं. होतं, पण वीज खातं आणि पडदे लवकर घाण होतात. तुला निसर्गाचीच काळजी असेल, आणि प्रश्नावरनं ती आहे असं दिसतं, तर सल्फ्युरिक नको म्हणण्यापेक्षा या मिठाचं काय करायचं यावर काम कर, तिथं खरा फरक पडेल.

मग मळीचं काय, ती सोडून द्यायची का? नाही. तुझी आयडिया एका जागी बसते. कोबाल्ट कॅथोडमधे ज्या अवस्थेत असतं त्या अवस्थेत ते नीट विरघळत नाही, त्याला इलेक्ट्रॉन देऊन खाली आणावं लागतं, त्यासाठीच ते पेरॉक्साइड. पेरॉक्साइड महाग, साठवायला धोक्याचं, आणि पाण्यात तांबं, लोखंड, मँगनीज असलं की कामाला येण्याआधीच बुडबुडे होऊन निम्मं उडून जातं. साखरसुद्धा हे काम करते, ग्लुकोज, सुक्रोज वापरून केलेलं काम आहे, आणि मँगनीजच्या खनिजावर मळी वापरून बघितलेली आहे. म्हणजे मळी ॲसिड म्हणून नव्हे, पेरॉक्साइडच्या जागी, सल्फ्युरिकच्या जोडीला. पण डोळे उघडे ठेवून कर. मळीबरोबर पोटॅशियम येतं, रंग येतो, फेस येतो, आणि अर्धवट जळलेलं सेंद्रिय पुढं जाऊन त्या निळ्या थराच्या खाली चिखलासारखा तिसरा थर करतं. अन् तुझी स्पर्धा पेरॉक्साइडशीच नाही, ब्लॅक मासमधल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या कणांशीही आहे, कारण ते फुकटात इलेक्ट्रॉन देतात, फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीत यावर चांगलं काम झालंय. मळी, पेरॉक्साइड आणि पत्रीचे कण, तिघांची खऱ्या ब्लॅक मासवर तुलना केलीस आणि पुढचं गाळणं आणि वेगळं करणं यासकट आकडे दिलेस, तर मी स्वतः तो पेपर पहिल्यांदा वाचेन.

एलएफपीचं बोलल्याशिवाय मात्र हे अर्धंच राहील. लिथियम आयर्न फॉस्फेट, त्यात ना कोबाल्ट ना निकेल. बऱ्याच ई-रिक्षा, सोलरच्या बॅटऱ्या आणि मोटारी आता याच्यावर आहेत, स्वस्त आणि तुलनेनं शांत केमिस्ट्री. पण रिसायकल करणाऱ्याला त्यात विकण्यासारखं लिथियम तेवढं, तेही पावडरीच्या साडेचार टक्क्यांच्या आत. आणि लिथियमचा भाव कसा, तर चीनमधे लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मधे टनाला ६ लाख युआनच्या जवळ गेलं होतं आणि २०२४ सुरू झालं तेव्हा १ लाखाच्या खाली. कोबाल्टवर हिशोब बांधलेले प्लँट इथं उभेच राहत नाहीत. याच्यावर चांगला मार्ग दिसतो तो असा, की सगळं विरघळवायचंच नाही. अगदी थोडं ॲसिड आणि एखादा ऑक्सिडायझर, पेरॉक्साइड किंवा परसल्फेट, घेतला की लिथियम तेवढं पाण्यात येतं आणि आयर्न फॉस्फेट घन म्हणून तसंच मागं राहतं. ॲसिड कमी, मीठ कमी. प्रश्न उरतो तो मागं राहिलेल्या फॉस्फेटचा, ते इतकं शुद्ध करता येईल का की त्याचंच परत एलएफपी होईल. आपल्याकडं भंगारात हे वाढतच जाणार असं मला वाटतं, तेव्हा मला कुणी एकच विषय निवड म्हणालं तर मी साका गाळायचा विषय किंवा हा, या दोनातला एक निवडेन.

भट्टीत वितळवायची पद्धत आहे, १४०० डिग्रीच्या वर, बेल्जियममधे युमिकोर कितीतरी वर्षं करतंय, काहीही टाका चालतं पण लिथियम आणि ॲल्युमिनियम भट्टीच्या स्लॅगमधे, म्हणजे वितळून उरणाऱ्या कचऱ्यात जातं, आणि एलएफपीसाठी तर ती परवडतच नाही. दुसरी टोकाची पद्धत म्हणजे कॅथोड न मोडता त्यात गेलेलं लिथियम परत भरायचं, डायरेक्ट रिसायकलिंग. अमेरिकेत आर्गॉन लॅबच्या पुढाकारानं २०१९ मधे रीसेल सेंटर याच्यासाठीच निघालं. कल्पना फार आवडते मला, पण एकाच जातीचं भंगार लागतं, आणि मामांच्या दुकानात ते कधीच मिळणार नाही. कंपनीच्या रिजेक्ट मालावर मात्र चालेल.

नियमांबद्दल तू विचारलं नाहीस पण माहीत असलेलं बरं, कारण विषय निवडताना उपयोग होतो. आपल्याकडं २०२२ चे बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स आहेत, बॅटरी पुरायची नाही, जाळायची नाही, बनवणाऱ्यानं परत घ्यायची. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीतनं २०२४-२५ ला ७० टक्के, २०२५-२६ ला ८० आणि २०२६-२७ पासनं ९० टक्के माल परत मिळाला पाहिजे, आणि २०२७-२८ पासनं नवीन बॅटरीत ५ टक्के रिसायकल केलेला माल, वाढत २०३०-३१ ला २० टक्के. आपला टक्का बॅटरीच्या कोरड्या वजनावर आहे. युरोपचा २०२३ चा कायदा लिथियमचं वेगळं मागतो, २०२७ अखेर ५० टक्के, २०३१ अखेर ८० टक्के. आता विचार कर, सेलमधे ग्रॅफाइट पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं आणि ते आज बरेच जण जाळून टाकतात किंवा फेकतात. ते फेकलं तर कोरड्या वजनाचे ९० टक्के गाठायचे कसे? म्हणजे ज्या ग्रॅफाइटकडं कुणी बघत नव्हतं ते नियमानं एकदम महत्त्वाचं केलं. पैसाही आलाय, क्रिटिकल मिनरलच्या रिसायकलिंगसाठी केंद्रानं सप्टेंबर २०२५ मधे १,५०० कोटींची योजना मंजूर केली. गाइड शोधताना जमशेदपूरची एनएमएल, भुवनेश्वरची आयएमएमटी, कराइकुडीची सेक्री आणि हैदराबादचं सी-मेट यांच्याकडं बघ, धातू वेगळे काढायचं आणि बॅटरीचं खरं काम तिथं चालतं.

आता मामांचं. हे मी सगळ्यात जास्त कळकळीनं लिहितेय. भंगारवाल्यांची सवय लेड-ॲसिडची आहे. ती बॅटरी फोडली तरी पेटत नाही, म्हणजे ॲसिड आणि शिसं घातकच पण आग लागत नाही. आता त्याच चौकोनी डब्यात लिथियमच्या बॅटऱ्या यायला लागल्यात, इन्व्हर्टरच्या, रिक्षाच्या, बाहेरनं बघून कळत नाही, आणि शिशाच्या ढिगात एखादी जाऊन भट्टीत पडली तर तिथं स्फोट होतो. मामांना सांग, उचलून बघा, आकाराच्या मानानं फार हलकी लागली तर ती लिथियम समजा आणि बाजूला ठेवा. हातोडा नको, ग्राइंडर नको, उन्हात ढीग नको. टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर बाकी मालापासनं लांब, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, उघड्यावर पण सावलीत. पेटलीच तर माणसं आधी लांब करा, धूर नाकात जाऊ देऊ नका, अग्निशमनवाल्यांना बोलवा आणि लिथियमची आहे हे सांगा, त्यांना ती भरपूर पाण्यानं थंड करत राहावी लागते, विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी परत पेटू शकते.

आणि सीमेची एक गोष्ट. शिनोळी आपल्याला हाकेच्या अंतरावर आहे, माल इकडनं तिकडं रोज जातो, पण शिनोळी महाराष्ट्रात आणि उद्यमबाग कर्नाटकात. रिसायकल करणाऱ्याची नोंदणी ज्या राज्यात त्याचं काम त्या राज्याच्या प्रदूषण मंडळाकडं असते. मामांनी माल द्यायचा तर नोंदणी असलेल्यालाच, आणि पावती घेऊनच. तुझ्या थिसिसला पण सॅम्पल कुठनं आलं याचा कागद लागेल.

तर सुरुवात अशी कर. पुढचे दोन महिने मामांच्या दुकानात कुठलाही पॅक उघडू नकोस, नुसती वही ठेव. रोज काय आलं, कशातलं, लेबलवर काय लिहिलंय, वजन किती, व्होल्टेज किती, फुगलंय का, गळतंय का. लेबल नसेल आणि सेल सुटाच असेल तर त्याचं व्होल्टेज बघ, ३.६५ च्या वर दिसलं तर एनएमसीच्या घरातला, कारण तो पूर्ण चार्जला ४.२ पर्यंत जातो आणि एलएफपी ३.६५ च्या वर जात नाही, त्याखाली असेल तर नुसत्या व्होल्टेजवरनं सांगता येत नाही, तसं लिही. बेळगावात कुठल्या जातीचं भंगार किती येतं याची अशी वही माझ्या माहितीत कुणाकडं नाही. मग गाइड मिळाला की लॅबमधे, दोन माणसं सोबत असताना, इन्सुलेटेड हत्यारं आणि चष्मा घालून, रेझिस्टरनं उतरवलेला एकच पॅक उघड आणि तुकडा तुकडा वजन कर, पेटी, वायर, डबा, तांबं, ॲल्युमिनियम, पडदा, काळी पावडर. बेरीज पहिल्या वजनाशी जुळली पाहिजे, नाही जुळली तर जे उडून गेलं तो बहुतेक इलेक्ट्रोलाइट, तेही लिहून ठेव. ते पान झालं की मला पाठव. काळी पावडर आयसीपीवर, म्हणजे कुठला धातू किती ते मोजणाऱ्या मशीनवर, कुठं तपासून घ्यायची आणि कुठले सात-आठ घटक मागायचे ते मी सांगते, फ्लोराइड मात्र त्या मशीनवर दिसत नाही, त्याला वेगळा इलेक्ट्रोड लागतो, तो तुझ्या कॉलेजात आहे का ते आत्ताच विचारून ठेव.